कळवणाऱ्याला पोच मिळावी



बाल संरक्षणावरच्या परिषदा बहुधा शहरातल्या सभागृहांत भरतात आणि ठराव मात्र खेड्यांसाठी करतात. ही परिषद रोहिणखेडला घेतली, याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. इतिहासाच्या पुस्तकांत हे गाव दोन लढायांमुळे आलं आहे. १४३७ साली बहमनी आणि खानदेशच्या फौजा इथे भिडल्या, १५९० साली निजामशाहीतल्या गादीच्या भांडणाचा निकाल इथे लागला. खुदावंतखान महदवीनं १५८२ मध्ये बांधलेली मशीदही इथलीच. गाव घाटाच्या पायथ्याशी, खानदेशातून वऱ्हाडात चढणाऱ्या वाटेवर, म्हणून ही धामधूम. तो घाट आजही आपल्या विषयाच्या आड उभा आहे. बुलढाणा जिल्ह्यात माणसं सहज बोलताना ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असा फरक करतात. बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, महिला व बाल विकास अधिकारी, पोलीस अधीक्षक हे सगळे घाटावर, बुलढाण्यात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. सातपुड्याला टेकलेल्या एखाद्या वस्तीवर लेकराचे हाल होत असतील, तर ती खबर घाट चढून वर जायला किती वेळ लागतो, हे एक अंतर. वर गेल्यावर मदत घाट उतरून त्या लेकरापर्यंत यायला किती वेळ लागतो, हे दुसरं. पहिल्या अंतरावर आपण पुष्कळ बोलतो. आज मला दुसऱ्याबद्दल बोलायचं आहे.

लोक बोलत नाहीत, हे आपल्या क्षेत्रातलं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य. प्रत्येक अहवालात ते असतं आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो: जनजागृती. मग भिंतीवर घोषणा रंगतात, पथनाट्य होतं, दहा-नऊ-आठ या मुलांच्या मदत क्रमांकाचे स्टिकर रिक्षांवर लागतात. याला माझा विरोध नाही. पण लोकांच्या गप्प बसण्याचं कारण अज्ञान आहे, हे मला पटत नाही. गावात कुणाच्या घरी काय चाललंय हे ज्या शेजारणीला माहीत असतं, तिला ते चूक आहे हेही माहीत असतं. ती गप्प बसते ती हिशोब करून. कळवलं तर पोलिसांची गाडी येईल, बाप आत जाईल, आई माझ्या दारात येऊन शिव्या देईल, पोरगी बालगृहात जाईल नाहीतर दोन दिवसांनी त्याच घरात परत येईल, आणि माझं नाव सगळ्या गल्लीला कळेल. हा हिशोब क्रूर वाटतो, पण आपल्या यंत्रणेच्या आजवरच्या वागण्यावरून मांडलेला आहे. तो बदलायचा तर यंत्रणेचं वागणं बदलावं लागेल. तक्रार आल्यानंतर काय होतं, यावर तक्रार येणार की नाही हे ठरतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे.

कायद्यानं काय व्हायला हवं, ते एकदा जमिनीवर आणून पाहू. समजा, पाचवीतली एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही, आली तेव्हा पोटरीवर डागल्याच्या खुणा होत्या. बाईंनी विचारलं तर म्हणाली, चहा सांडला. पोटरीच्या मागच्या बाजूला, दोन सारख्या रेघांत चहा सांडत नाही, हे बाईंना कळतं. बाईंनी १०९८ ला फोन केला. हा क्रमांक १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांच्या प्रयत्नातून सुरू झाला, पुढे देशभर गेला आणि २०२३ पासून शासनाच्या महिला व बाल विकास यंत्रणेकडे आला. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल ताब्यात घेतलं, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल कल्याण समितीसमोर हजर करायचं. समितीत एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. अधिकार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे. बैठक महिन्यातून किमान वीस दिवस. समितीनं सांगितल्यावर पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल यायला हवा आणि चार महिन्यांत अंतिम आदेश. प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकाच्या खालचा नसलेला एक बाल कल्याण पोलीस अधिकारी हवा, जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक हवं आणि त्यात दोन समाजकार्यकर्ते हवेत. मामला लैंगिक अत्याचाराचा असेल, तर २०१२ चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, लागतो. त्यात जबाब मुलाच्या घरी किंवा मूल म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, आणि अंगावर वर्दी नको. २०२० च्या नियमांनी तर मुलाला शेवटपर्यंत सोबत करणारी एक आधार व्यक्ती द्यायला सांगितली आहे. कागदावर याहून नेटकी रचना फार थोड्या देशांत असेल. कायदा करणाऱ्यांना मुलाची नजर होती, हे मान्य करायला हवं.

आता कागदाकडून गावाकडे येऊ. २०१६ च्या नोव्हेंबरात याच जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या निवासी आश्रमशाळेतला अत्याचार उघडकीला आला. तो उघडकीला आला कसा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली, पोटात दुखतं म्हणाली आणि घरच्यांना सांगितलं. त्यानंतर गुन्हा, अटका, विशेष तपास पथक, मंत्र्यांचे दौरे. शाळेला मुख्याध्यापक होते, अधीक्षक होते, तपासणीची वही होती, वरची कार्यालयं होती. ज्यांनी कळवायला हवं असे इतके लोक आजूबाजूला असताना त्या लेकराला बोलायला दिवाळीची सुट्टी लागायची वाट पाहावी लागली. विदर्भातलंच दुसरं प्रकरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं. २०१९ मध्ये एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना माहीत असून त्यांनी कळवलं नाही, असा आरोप झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं डॉक्टरांवरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. माहिती असताना न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला झाकण्याचा प्रयत्न असतो, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या अंगानं हा निकाल योग्यच आहे. बाहेरचा माणूस गप्प बसला तर सहा महिने, संस्थेचा प्रमुख गप्प बसला तर वर्षापर्यंत कैद, ही पोक्सोतली तरतूद शोभेची नाही, हे त्यानं ठणकावलं. पण आपण कायद्याच्या वर्गात बसलेलो नाही. आपल्याला विचारायचं आहे ते असं: शिक्षेची भीती घालून जो डॉक्टर, जो अधीक्षक कळवेल, त्याच्या कळवण्यानंतर मुलीच्या वाट्याला काय येईल?

बदलापूरनं याचं उत्तर फार उघडपणे दिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींचे पालक त्यांच्यावरच्या अत्याचाराबद्दल बोलले. ते घाबरले नाहीत, लपवलं नाही, ठाण्यात गेले. तरी गुन्हा नोंदवून घ्यायला तासन् तास गेले. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, मग चक्रं हलली आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना आणि शाळेला सुनावलं. इथे ‘लोक बोलत नाहीत’ हे वाक्य कुठे बसवायचं? लोक बोलले होते. ऐकणारा टेबलामागे बसून होता. ठाण्यातलं ते टेबल आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर आहे. लाकडी बाक, समोर वायरलेसचा खरखराट, कुणीतरी भांडण मिटवायला आलेलं, आणि त्यातच लेकराला विचारलं जातं, नेमकं कुठे हात लावला, परत सांग. आधी हवालदार, मग ठाणे अंमलदार, मग साहेब, मग दवाखान्यात डॉक्टर, मग समिती, मग न्यायदंडाधिकारी. प्रत्येक जण आपलं काम करतो आणि प्रत्येक जण पहिल्यापासून विचारतो. एखादा तपशील चौथ्या वेळी बदलला की वकिलाला तेवढंच हवं असतं. मुलाला एकदाच, नीट, प्रशिक्षित माणसानं विचारावं, हा सल्ला नवा नाही आणि त्याला फार पैसाही लागत नाही. लागतो तो खात्याखात्यांतला समजूतदारपणा. महाराष्ट्रात तो निधीपेक्षा दुर्मीळ आहे.

इथपर्यंत मी बहुतेक लैंगिक अत्याचाराबद्दल बोललो, कारण वर्तमानपत्रं तेवढ्याबद्दलच बोलतात. पण यंत्रणेकडे येणारं, किंवा यायला हवं असं, बहुतेक दुःख याहून साधं असतं आणि रोजचं असतं. केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयानं २००७ मध्ये बाल अत्याचारावरचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. तीनांतली दोन मुलं शारीरिक मार सोसत होती, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला आणि त्यातले निम्मे छळणारे ओळखीचे, विश्वासातले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांत महाराष्ट्र राज्यांमध्ये सर्वांत वर आहे: २०,७६२. हा आकडा ऐकून काही जण मान खाली घालतात. मला त्यात थोडी आशाही दिसते, कारण नोंद वाढणं म्हणजे कुणीतरी दार ठोठावलं. पण या वीस हजारांत ते तीनांतले दोन नाहीत. घरातला मार, दारूच्या पायी उपाशी राहणं, नवव्या वर्षी धाकट्याला सांभाळायला शाळा सोडणं, सोळाव्या वर्षी लग्न, हे गुन्हे नोंदवहीत येतच नाहीत. आले तरी पोलिसांच्या हातात त्याला उपाय नसतो.

आणि इथेच आपल्या यंत्रणेची खरी अडचण आहे. तिच्याकडे प्रत्यक्षात दोनच अवजारं तयार असतात: ठाणं आणि बालगृह. गुन्हा दाखल करा किंवा मूल उचला. कायदा मात्र तिसऱ्या वाटेला पहिला मान देतो. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे बाल न्याय अधिनियमाच्या मूलभूत तत्त्वांत लिहिलेलं आहे. मुलाला सोडून देणं किंवा त्याची हेळसांड हा गुन्हा ठरवणाऱ्या कलम ७५ मध्येच सांगितलं आहे की आईबापांच्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडावं लागलं असेल, तर ते जाणूनबुजून सोडलं असं धरायचं नाही. मला या कायद्यातलं सगळ्यांत शहाणं वाक्य हेच वाटतं. विदर्भात त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या सहा जिल्ह्यांची नावं होती, त्यांत बुलढाणा होता. नवरा गेला, सावकार दारात, सोयाबीन हातचं गेलं, आणि बाई मजुरीला जाते तेव्हा दोन वर्षांचं पोर आजीजवळ, आजीला डोळ्यांनी दिसत नाही. याला हेळसांड म्हणायचं तर म्हणा, पण हेळसांड नेमकी कुणी केली, ते आधी ठरवा. अमेरिकेत छळाची खात्री झालेल्या मुलांपैकी चारांतली तीन हेळसांडीची असतात, आणि तिथलेच अभ्यासक सांगतात की त्यात गरिबीचा वाटा मोठा आहे. ज्या देशाकडे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त समाजकार्यकर्ते आहेत, त्यालाही हा गुंता सुटलेला नाही.

या तिसऱ्या वाटेसाठी आपल्याकडे पैसे आहेत, हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. काही वर्षांपूर्वी ते ४२५ होते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतलं प्रायोजकत्व महिना ४,००० रुपयांचं आहे. अत्याचाराला बळी पडलेल्यांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. या रकमा घर चालवायला पुरेशा नाहीत, मूल घरात ठेवायला बहुतेक वेळा पुरेशा असतात. पण बालसंगोपनाचा अर्ज आणि हेळसांडीची तक्रार या दोन गोष्टी आपल्याकडे दोन वेगळ्या कपाटांत राहतात. तक्रार आली की पोलीस जातात. अर्ज आला की बाबू दाखले मागतो: उत्पन्नाचा, रहिवासाचा, मृत्यूचा, शाळेचा, बँकेचा. तक्रार घेऊन पोचलेला माणूस योजनेचा अर्जही घेऊन पोचला पाहिजे आणि तिथेच भरून घेतला पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा त्यांनी नेमकं हेच ओळखलं होतं. विधवेनं मूल मारलं तर तिला काळ्या पाण्याची शिक्षा देणारा कायदा होताच. त्यानं मुलं वाचत नव्हती. फुल्यांनी आधी तिला सुखरूप बाळंत होण्याची जागा दिली आणि नाव कुणाला कळणार नाही, याची हमी दिली. दीडशे वर्षांनंतर आपण हमी कमी आणि कलमं जास्त देतो.

बालगृहांबद्दल एक शब्द, कारण मूल उचललं म्हणजे वाचवलं असा एक भ्रम आहे. ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या बालगृहातल्या गतिमंद मुलांच्या मृत्यूंच्या आणि छळाच्या बातम्या २०१० मध्ये आल्या. मुंबई उच्च न्यायालयानं त्यांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातल्या अशा संस्था तपासायला समिती नेमावी लागली. पनवेलच्या अशाच एका संस्थेतल्या छळाचा निकालही पुढे लागला. चांगली बालगृहं आहेत; अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली अपंग मुलं जन्मभराची आपली मानली, तसं घर शंभरात एक. त्या एकाच्या भरवशावर धोरण आखता येत नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप गावाकडचा: घरचा मामला आहे, आईबापानं दोन धपाटे दिले तर सरकार कशाला मध्ये? दोन धपाट्यांसाठी कुणी समिती बोलावत नाही, आणि बोलावू नये. पण हा आक्षेप बहुधा धपाट्यांसाठी घेतला जात नाही. तो चटक्यांसाठी आणि दोरीनं बांधण्यासाठी घेतला जातो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: बांधाच्या भांडणात, निवडणुकीच्या वैरात लोक खोट्या तक्रारी करतील. करतील, करतातही. पोक्सोच्या कलम २२ मध्ये खोट्या तक्रारीला शिक्षा आहे. खोटं मुलानं सांगितलं असेल तर त्याला शिक्षा नाही, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कलम १९ संरक्षण देतं. पण खरी ढाल यापलीकडे आहे. तक्रारीचं पहिलं उत्तर अटक असेल, तर खोटी तक्रार हे वैऱ्याच्या हातातलं शस्त्र होणारच. पहिलं उत्तर एका शहाण्या बाईची घरभेट असेल, तर वैऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. पंधरा दिवसांत येणारा सामाजिक तपासणी अहवाल त्यासाठीच आहे. घर किती खोल्यांचं, कमावतं कोण, व्यसन कुणाला, मूल कुणाजवळ झोपतं, शाळेत शेवटचं कधी गेलं, शेजारी काय म्हणतात, हे सगळं त्यात हवं. आज पुष्कळ अहवालांत ‘कौटुंबिक परिस्थिती बेताची’ एवढीच ओळ सापडते, आणि त्या ओळीवर एका मुलाचं पुढचं आयुष्य ठरतं.

तिसरा आक्षेप असा आहे की त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. कळवणं सक्तीचं केल्यानं काही मुली मदतीपासून लांब जातात, असं डॉक्टर आणि स्त्री-कार्यकर्त्या म्हणतात. ते खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. अशी सतरा वर्षांची गरोदर मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात आली, की डॉक्टरला कळवावं लागतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नवराही सुटत नाही. मग घरचे तिला केंद्रात आणतच नाहीत, बाळंतपण घरीच होतं, आणि कायदा जिला वाचवायला निघाला, ती पोरगी बाळंतपणात दगावण्याचा धोका वाढतो. प्रेमप्रकरणांचंही तसंच. एन्फोल्ड या संस्थेनं आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० या काळातले पोक्सोचे ७,०६४ निकाल तपासले, त्यांतले २४.३ टक्के मुलामुलींच्या आपसातल्या संबंधांचे निघाले. चारांतला एक खटला असा असेल, तर उरलेल्या तिघांना न्याय द्यायला न्यायालयाला वेळ कुठून येणार? कळवण्याची सक्ती काढून टाका, असं मी म्हणत नाही. राजुरा डोळ्यांसमोर असताना म्हणू शकत नाही. पण कळवल्यानंतर आधी समिती आणि आरोग्य, आणि पोलिसांनी मुलीचं वय, नातं आणि मर्जी पाहून पुढचं पाऊल टाकावं, एवढी मोकळीक कायद्यात यायला हवी. ते काम संसदेचं आहे. तोवर आशाताईला दोन्हीकडून ओढ आहे, आणि तिला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये.

चौथा आक्षेप शहरातल्या लोकांचा, चित्रपट पाहून आलेला: सरकारला असे अधिकार दिले की नॉर्वेसारखं होईल, मुलं उचलून नेतील. २०११ मध्ये नॉर्वेत एका भारतीय दांपत्याची मुलं काढून घेतली गेली, त्यावर देशभर संताप झाला. मुलं २०१२ मध्ये भारतात आली, पण आईकडे नाही. पुढे बर्दवानच्या बाल कल्याण समितीनं आईच्या बाजूनं मत दिलं आणि जानेवारी २०१३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयानं मुलं तिच्याकडे दिली. जिच्या नावानं आपण बोटं मोडतो, तसल्याच एका जिल्ह्याच्या समितीनं घर पाहिलं, आई पाहिली आणि निर्णय घेतला. आपल्याकडे धोका नेमका उलटा आहे. नॉर्वेची यंत्रणा फार लवकर आत शिरते असं म्हणतात, आपली दारातच उशिरा येते.

माणसं नाहीत, गाडी नाही, मानधन वेळेवर नाही, हा पाचवा आक्षेप आपल्या सहकाऱ्यांचा. तो खरा आहे आणि त्यावर वाद नाही. कंत्राटी संरक्षण अधिकाऱ्याकडून वरच्या अंगानं अख्खा जिल्हा आणि खालच्या अंगानं प्रत्येक मूल सांभाळण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. समितीच्या कामावर जिल्हाधिकाऱ्यांनी नजर ठेवावी, असं २०२१ च्या दुरुस्तीनं म्हटलं आहे. नजर ठेवणाऱ्यानं गाडीचीही सोय करावी, अशी आमची नम्र विनंती. पण एक गोष्ट माणसांच्या कमतरतेवर ढकलता येत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. कळवणाऱ्याला उत्तर मिळत नाही. बाईंनी फोन केला, अंगणवाडी ताईनं चिठ्ठी लिहिली, पोलीस पाटलानं तोंडी सांगितलं. पुढे काय झालं, त्यांना कधीच कळत नाही. मूल वर्गात दिसेनासं होतं किंवा तसंच बसलेलं दिसतं. पुढच्या वेळी ती ताई फोन करणार नाही, आणि तिला आपण असंवेदनशील म्हणू.

ब्रिटननं याची फार मोठी किंमत मोजली. २००० साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी सांभाळणाऱ्यांच्या छळानं मेली. रुग्णालयं, पोलीस, समाजसेवा खाती, सगळ्यांनी तिला कधी ना कधी पाहिलं होतं. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ मध्ये आला. तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी हुकल्या, असं त्यात निघालं. कळवणारे होते. कळवलेलं पुढे कुणाच्या टेबलावर पडलं, हे कळवणाऱ्यानं विचारलं नाही आणि घेणाऱ्यानं सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा पाहतोय. आपल्याकडे तहसील कचेरीत सातबाराचा अर्ज दिला तरी शेतकरी पोच घेतल्याशिवाय हलत नाही. लेकराबद्दल दिलेल्या खबरीची मात्र पोच नसते.

मुलाचं नाव, ठिकाण, घडलेलं काय, हे गुप्त राहिलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण ‘तुमची माहिती मिळाली, अमुक तारखेला घरभेट झाली, मूल सुरक्षित आहे, प्रकरण समितीसमोर आहे’ एवढं सांगितल्यानं कुठली गुप्तता मोडत नाही. उलट त्या शेजारणीचा हिशोब बदलतो. तिनं पुढच्या वेळी फोन उचलावा यासाठी दहा पोस्टरांपेक्षा हे एक वाक्य जास्त काम करेल.

महाराष्ट्रात २०१४ च्या शासन निर्णयानं प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती ठरवून दिली आहे, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी ताई सचिव. शाळांत २०२२ पासून सखी सावित्री समित्या आहेत. पुष्कळ गावांत त्या रजिस्टरात आहेत. बैठकीच्या पानावर सह्या आहेत आणि विषयाच्या रकान्यात ‘चर्चा झाली’. दुसरं अंतर, मदत खाली पोचण्याचं, कमी करायची सुरुवात या समित्यांपासून करता येईल. गावातली ही समिती पोलीसपण करायला बसलेली नाही. घाटावरच्या कार्यालयातला माणूस येईपर्यंत मूल कुणाजवळ झोपेल, त्याची शाळा कोण पाहील, आईचा बालसंगोपनाचा अर्ज कोण भरेल, हे तिनं बघायचं. त्यासाठी गाडी लागत नाही, पदनिर्मिती लागत नाही.

म्हणून आज संध्याकाळी जे ठराव येतील, त्यांत कठोर शिक्षेचा ठराव घालू नका, अशी माझी विनंती आहे; तो प्रत्येक परिषद करते. एकच मागणी करा. जिल्ह्यात मुलाविषयी कुणीही काही कळवलं, तर त्याला तोंडी नाही, लेखी पोच त्याच दिवशी मिळावी, आणि पंधरा दिवसांत, सामाजिक तपासणी अहवाल येतो त्याच दिवशी, काय झालं याचं दोन ओळींचं उत्तर मिळावं. जिल्हा बाल संरक्षण कक्षानं ते द्यावं, जिल्हाधिकाऱ्यांनी महिन्याला किती दिली ते मोजावं. बुलढाण्यानं हे सुरू केलं तर शेजारच्या अकोल्याला, वाशिमला विचारता येईल, तुमच्याकडे का नाही. सरपंच आणि अंगणवाडी ताईंनी येत्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, आणि रोहिणखेडनं तो सगळ्यांत आधी घ्यावा.